पुढच्या सात दिवसांची थंडी : उत्तर महाराष्ट्रात मंगळवारपासून पारा उतरणार, द्राक्ष-केळी-कांदावाल्यांनी बघा

शिवार_निफाड · रविवार, रात्री ९:१०

रामराम मंडळी. दर रविवारी लिहितो तसं पुढच्या आठवड्याचं लिहितोय, ह्यावेळी जरा लांबेल कारण आपल्या बागांची वेळ नाजूक आहे, निम्म्या बागांत मण्यात पाणी उतरायला लागलंय, म्हणजे द्राक्षाचे मणी मऊ पडून साखर भरायला लागलीय.

गेले चार दिवस ढगाळ होतं, रात्री गोधडी पण नको वाटत होती, ते आता संपतंय. काश्मीर-हिमाचलवरून एक पश्चिमी झंझावात पुढं सरकलाय, तिकडं बर्फ पडून गेला आणि त्याच्या मागून कोरडे उत्तरेचे वारे राजस्थान, मध्य प्रदेशातून खाली उतरतील. तिथून आपल्याकडं गारठा पोचायला दोन-तीन दिवस लागतात हे आपण दरवर्षी बघतोच. तर माझा हिशोब असा की सोमवारी फार फरक नाही, मंगळवारी दुपारनंतर वारा फिरेल, ओठ फुटायला लागतील, बुधवारची पहाट गार, आणि खरी थंडी गुरुवार, शुक्रवार, शनिवार ह्या तीन पहाटा. रविवारपासून बंगालच्या उपसागराकडचे पूर्वेचे वारे परत ओलावा आणतील, पातळ ढग येतील आणि रात्रीचा पारा दोन-तीन अंशांनी वर जाईल. पाऊस मला दिसत नाही.

त्या तीन पहाटांचे आकडे सांगायचे तर पिंपळगाव, निफाड, ओझर पट्टा ५ ते ७ अंश. कादवा, गोदावरीच्या काठच्या खोलगट रानात त्याहून एखाद-दोन अंश कमी धरा. नाशिक शहर ८ च्या आसपास, धुळे-जळगाव ७ ते ९, नगर आणि संभाजीनगर ९-१०, पुणे ९ ते ११. मुंबईत उपनगरात १५-१६, कुलाब्याला एवढं पण नाही उतरणार. दुपारी सगळीकडं ऊन चांगलं, २७-२८ पर्यंत. म्हणजे दिवसरात्रीत वीस अंशाचा फरक, आणि द्राक्षाला नुसत्या थंडीपेक्षा हा फरक जास्त मारतो.

हा माझा अभ्यास आहे, सरकारी अंदाज नाही. हवामान खात्याचा जिल्हावार इशारा मौसम ॲपवर बघत जा, आणि मंगळवार-शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला निघतो तो मेघदूत ॲपवर येतो, तो वाचल्याशिवाय फवारणीचा निर्णय घेऊ नका.

दिंडोरीकर · रविवार, रात्री ९:४२

दादा राग मानू नका पण मागच्या रविवारी पण तुम्ही थंडी राहील म्हणला होता. मी त्या भरवशावर घडांना पेपर लावायला आठ बायका सांगितल्या, गाडीभाडं दिलं, दोन दिवस लावून घेतलं आणि ढगाळ हवा आली, पेपरच्या आत घडाला हवा लागेना, भुरीच्या, म्हणजे त्या पांढऱ्या बुरशीच्या भीतीने एका बाजूचे काढून बघावे लागले. मजुरी गेली ती गेली, पण आता परत विश्वास कसा ठेवायचा ते सांगा.

शिवार_निफाड · रविवार, रात्री १०:०५

बरोबर बोललात, चूक माझीच होती. त्यावेळी मी सगळं लक्ष उत्तरेकडं ठेवलं आणि तमिळनाडूजवळ जी कमी दाबाची हवा होती तिच्याकडं पुरेसं बघितलं नाही. तिचा ओलावा कर्नाटकावरून इकडं सरकला, रात्री आभाळ झाकलं गेलं आणि जमिनीची ऊब वर जायचीच थांबली. आभाळ मोकळं असलं की रात्री जमीन उघड्यावर पडल्यासारखी गार होते, ढग आले की अंगावर गोधडी टाकल्यासारखं होतं, एवढाच खेळ आहे पण अख्खा अंदाज फिरवतो.

ह्यावेळी फरक काय, तर दक्षिणेत सध्या तसं काही नाही आणि वारं पण शुक्रवारपासून पडेल असं दिसतंय. आभाळ मोकळं, हवा कोरडी आणि वारा शांत, हे तीन एकत्र आले की पारा तळाला जातो. चौथ्या दिवसापर्यंत मला भरवसा आहे, पाचव्यानंतर तो कमी होत जातो, म्हणून रविवारच्या ढगांचं पक्कं मानू नका, मी बुधवारी परत लिहीन.

तुमच्या पेपरचं म्हणाल तर एका बाजूचे काढले असतील आणि तिथं मणी मऊ पडायला लागले असतील तर बुधवारच्या आत परत लावा. ज्या प्लॉटला अजून पाणी उतरलेलं नाही तिथं घाई नको.

नवीन_बागायतदार · रविवार, रात्री १०:३१

पेपर लावणे म्हणजे नक्की काय, मी पहिल्यांदाच बाग धरलीय, सासऱ्यांची आहे, ते आता नाहीत. कृपया कोणी सांगाल का

सिन्नरची_माई · रविवार, रात्री १०:५०

बाळा सांगते. आपली थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका ही हिरवी-पिवळी द्राक्षं, पण साखर भरायच्या वेळेला रात्री कडक थंडी नि दिवसा ऊन असं झालं की मण्यावर गुलाबी छटा येते. त्याला पिंक बेरी म्हणतात. खायला गोडच लागतात पण एक्सपोर्टचा माणूस उचलत नाही, लोकलला पण भाव पाडून मागतात. म्हणून मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी दाबला की जरा मऊ लागतो, चकाकी येते, तेव्हा प्रत्येक घडाला रद्दीचा पेपर गुंडाळायचा. आम्ही वर्तमानपत्राचं अर्धं पान घेतो, घडाच्या खांद्यावरून फिरवून देठापाशी स्टेपलरची पिन मारतो, खाली उघडं ठेवतो म्हणजे हवा खेळती राहते. पिन मारताना देठाला धक्का लागू द्यायचा नाही, नवीन बायका असल्या की पहिली ओळ स्वतः उभं राहून करून घ्यायची. आणि दवाने ओल्या झालेल्या बागेत लावायचं नाही, दहा वाजता ऊन चढून घड कोरडे झाले की मगच. आधी एकदा बाग फिरून भुरी आहे का बघ, भुरी असलेला घड पेपरात बंद केला तर आतल्या आत सगळा जातो.

सासरे नाहीत म्हणालास, वाईट वाटलं. काही अडलं तर इथंच विचार, रात्री उशिरा पण बघते मी.

केळीबाग_रावेर · सोमवार, सकाळी ६:५५

आमच्याकडं आज १३ आहे पण म्हाताऱ्या लोकांना आधीच कळलंय, काल संध्याकाळी वडील म्हणाले वारं फिरतंय. केळीवाल्यांसाठी कोणी लिहित नाही म्हणून मीच लिहितो. पारा १०-१२ च्या खाली दोन-तीन रात्री राहिला की केळीची वाढ बसते, पानं पिवळी पडतात, पोग्यातून, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळीतून, नवीन पान यायला किती दिवस लागतात ते बघितलं की जीव खालीवर होतो, आणि ज्या झाडाची निसवण चालू आहे, म्हणजे घड बाहेर पडतोय, त्याचा घड गळ्यातच अडकतो. आम्ही काय करतो तर बांधाच्या उत्तरेकडून ज्वारीच्या कडब्याचा नाहीतर नेटचा आडोसा, घडावर घालायची पिशवी म्हणजे स्कर्टिंग बॅग, आणि रात्री दोन नंतर पाणी. विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं, हात घातला की कळतं, तेच बागेला ऊब देतं. पण लाईटचा आठवडा दिवसपाळीचा असला तर रात्री मोटर चालत नाही, ह्या आठवड्यात नेमकं तसंच आहे आमच्या फिडरला. ज्यांच्याकडं शेततळं आणि सोलर आहे त्यांनी दिवसा उपसून वरच्या टाकीत साठवून ठेवा, रात्री सायफनने सोडता येतं.

कांदा_येवला · सोमवार, सकाळी ८:२०

शिवार दादा, उन्हाळ कांद्याच्या लागणी चालू आहेत, थंडीत लागण करू का थांबू? आणि रांगड्याला, म्हणजे आधी लावलेल्या कांद्याला, डेंगळे (फुलाचे दांडे) दिसायला लागलेत तुरळक.

शिवार_निफाड · सोमवार, सकाळी ९:०५

लागण चालू ठेवा, कांद्याला सुरुवातीला थंडी मानवते, फक्त रोपं उपटून रात्रभर उघड्यावर ठेवू नका. डेंगळ्याचं म्हणाल तर रोप जास्त वयाचं झालेलं असलं आणि त्यावर सलग थंडी बसली की ते येतात, आता दिसतायत ते मोडून टाका, त्याने कांदा काही सुधारणार नाही पण तिथं ताकद जायची थांबेल. गहू-हरभरावाल्यांनी मात्र खुश व्हायला हरकत नाही, गव्हाला फुटवे फुटायला हीच हवा लागते.

पुणे_पारा · सोमवार, दुपारी १:१५

एक विनंती आहे सगळ्यांना, कृपया मोबाईलवरचा आकडा आणि आपल्या रानातला आकडा एक धरू नका. पुण्याचंच बघा, एकाच पहाटे एनडीए, पाषाण, हवेली इथं ८-९ असतं तेव्हा मगरपट्टा, वडगावशेरीला १४-१५ असतं. सिमेंट, डांबर दिवसभराची ऊब रात्री सोडत राहतं, आणि टेकड्यांवरून गार हवा जड म्हणून खोलगटात उतरते. पुण्याचा म्हणून टीव्हीवर जो दाखवतात तो बहुतेक शिवाजीनगरच्या वेधशाळेचा. त्यात परत वेधशाळेत थर्मामीटर जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. गवताच्या पात्यापाशी मोकळ्या रात्री त्याहून तीन-चार अंश कमी असू शकतं. तुमची मेथी, कोथिंबीर त्या पेटीत राहत नाही ना.

वेण्णाकाठ · सोमवार, दुपारी २:४०

पुणे_पारा यांनी लिहिलं त्याला आमचं उदाहरण जोडतो. दरवर्षी बातमी येते महाबळेश्वरला बर्फ, आणि त्याच दिवशी खात्याचा महाबळेश्वरचा आकडा ९-१० असतो, मग लोक विचारतात खोटं कोण. दोन्ही खरं आहे. वेधशाळा वर आहे, तिथली गार हवा रात्री खाली घरंगळून वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगटात साठते. जेट्टीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या मल्चिंगवर पडलेलं दव गोठतं. ते आभाळातून पडलेलं बर्फ नाही, दवाचे हिमकण आहेत. आमची स्ट्रॉबेरीची फुलं त्यात काळी पडतात, मधला भाग काळा झाला की त्या फुलाचं फळ गेलं. गुरुवारपासून रात्री क्रॉप कव्हर टाकणार आहे, सकाळी नऊला काढणार म्हणजे मधमाशीला वाट मिळेल.

नागपुरी_संत्रा · सोमवार, रात्री ८:३०

आमच्याकडचं कोणीच सांगून नाही राहिलं. विदर्भात थंडी मध्य प्रदेशातून सरळ येते, गोंदिया तं बऱ्याचदा सगळ्यात खाली राहते. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ झालं होतं, त्या सकाळी बोअरच्या पाण्याची वाफ निघतांना पाह्यली मी. आंबिया बहाराचा ताण चालू आहे आमचा, म्हणजे फुलासाठी झाडाचं पाणी तोडून ठेवलं आहे, थंडी पडली तं चांगलंच, झाड आराम करते आणि ताण तोडल्यावर फूल एकसारखं येते. पण एक विचारतो, टीव्हीवाले काल म्हणत होते थंडीची लाट, आणि खात्याच्या नकाशावर आमचा जिल्हा हिरवा. असं कसं?

पुणे_पारा · सोमवार, रात्री ९:१२

लाट हा शब्द खातं मोजून वापरतं. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा खाली पाहिजे आणि ते त्या जागेच्या त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी पाहिजे, तेव्हा लाट. ६.४ पेक्षा जास्त कमी असेल तर तीव्र लाट. किंवा सरळ ४ पर्यंत उतरलं तरी लाट, २ पर्यंत उतरलं तर तीव्र. किनाऱ्याला वेगळं, तिथं १५ किंवा खाली आणि सरासरीपेक्षा ४.५ ने कमी. आता बघा, नाशिकची जानेवारीची सरासरीच १० च्या आसपास, म्हणून तिथं ७ आलं तरी हाडं गोठतात पण लाट होत नाही. नागपूरची सरासरी १३ च्या जवळ, तिथं ८ ला लाट होऊन जाते. तुमचा जिल्हा हिरवा म्हणजे थंडी नाही असं नव्हे, इशारा देण्याइतका फरक नाही एवढंच.

जुने नीचांक ज्यांना हवेत त्यांच्यासाठी: पुणे १.७, १७ जानेवारी १९३५. नाशिक ०.६, ७ जानेवारी १९४५. सांताक्रूझ ७.४, २२ जानेवारी १९६२. ह्या आठवड्यात त्याच्या जवळपास पण काही जाणार नाही, उगाच फॉरवर्ड करू नका कोणी.

दापोलीचा_हापूस · मंगळवार, सकाळी ७:३०

आमच्याकडे आज १४, पण धुकं नाही ही मोठी गोष्ट. ढगाळ चार दिवसात तुडतुड्याने (रस शोषणाऱ्या किडीने) मोहोर काळा केलाय एका बाजूचा. थंडी आली तर उरलेल्या झाडांना मोहोर फुटेल, पण फार जोरात आली तर नर फुलं जास्त येतात, फळधारणा होत नाही आणि कणी (बारीक फळ) धरलेल्या झाडावर परत मोहोर येऊन आधीची कणी गळते, हे दोन वर्षं भोगलंय. आम्हाला माफक थंडी पाहिजे. किती दिवस राहील त्यावर आमचं सगळं आहे.

शिवार_निफाड · मंगळवार, सकाळी ८:१५

कोकणात तीन रात्रींच्या पुढं जोर राहील असं वाटत नाही, दापोलीला ११-१२ पर्यंत धरा, शनिवारपासून समुद्राकडचं वारं लवकर सुरू होईल.

गोदाकाठ · मंगळवार, रात्री ९:५०

सगळे पिकाचं बोलताय, एक माणसांचं बोलू का. आमच्या गावच्या शिवारात ऊसतोडीच्या बावीस कोप्या पडल्यात, बीड जिल्ह्यातली माणसं आहेत. पाचटाची कोपी, वर प्लॅस्टिकचा कागद, आत चूल नि तीन-चार लेकरं. काल रात्री साडेदहाला पाणी द्यायला गेलो तर एक बाई आठ महिन्यांचं बाळ पदराखाली घेऊन बैलांच्या मधे बसली होती, म्हणाली बैलाच्या अंगाची ऊब लागते. पहाटे चारला ती तोडीला जाते आणि उसाच्या पाल्यावर दव असतं, अर्ध्या तासात लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. दादांनी तीन पहाटा सांगितल्यात ते वाचून झोप लागेना. आमच्या गल्लीतून आज सतरा गोधड्या आणि चार ताडपत्र्या जमल्या, उद्या नेऊन देतो. तुमच्या शिवारात कोप्या असतील तर बुधवारच्या आत एक चक्कर टाका. जुने स्वेटर लहान मापाचे काढा, मोठ्यांचे सगळेच देतात, पोरांचे कमी पडतात.

सिन्नरची_माई · मंगळवार, रात्री १०:२०

उद्याच जाते. आणि एक त्यांना पण सांगा नि आपल्या घरी पण पाळा, शेगडीत निखारे घेऊन दार लावून कोणी झोपू नका. त्याचा वायू ना दिसतो ना वास येतो, झोपेतच माणूस जातो. शेक घेऊन झाला की शेगडी बाहेर काढायची, थंडी वाजली तरी चालेल.

नवीन_बागायतदार · बुधवार, दुपारी ३:१०

माई, दोन दिवसांत सव्वा एकर लावून झाला, तुम्ही सांगितलं तसं पहिली ओळ मी स्वतः केली. पण इथल्या एका दुकानात गेलो तर ते म्हणाले थंडी येतेय, चार औषधांचं किट मारा, मणी फुगतील आणि तडे जाणार नाहीत, सात हजाराचं बिल सांगितलं. घेऊ का?

शिवार_निफाड · बुधवार, दुपारी ४:००

घेऊ नका. गारठ्यात पांढरी मुळी काम करत नाही, पानाला दिलेलं पण नीट लागत नाही, मणी फुगवण थंडी सरेपर्यंत मंदच राहणार. भुरीसाठी गंधक मारायचं म्हणत असतील तर ते पण कमी तापमानात नीट काम करत नाही आणि घडावर डाग राहतात. त्यात आता शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस मोजायची वेळ आहे, एक चुकीचं औषध गेलं तर रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या तपासणीत कंटेनर अडकेल. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला काढून त्यातलं नाव असेल तरच विचार करा.

तडे जाण्याचं सगळं पाण्यावर आहे. आता हात राखून दिलं आणि थंडीत एकदम तीन तास ड्रीप सोडलं तर मणी तडकतील. रोजचं पाणी रोज, थोडं थोडं, आणि ह्या तीन दिवसांत ते पहाटे चार ते सहा द्या. बोदावर (वेलीच्या बुडाच्या मातीच्या वरंब्यावर) पाचट असेल तर हलवू नका, मुळीला तेवढीच ऊब. बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा तर वारा बघून करा, हवा शांत असेल तरच तो बागेवर पसरून राहतो, नाहीतर शेजाऱ्याच्या घरात जातो.

आणि आठवड्याचं अपडेट: अंदाज तोच ठेवतोय. फक्त ढग रविवारऐवजी शनिवारी रात्रीच येतील असं आता वाटतंय.

केळीबाग_रावेर · गुरुवार, सकाळी ७:०५

८.२. आडोशाच्या आत ९.६. दीड अंशाचा फरक पडला कडब्याने. पानांना अजून धक्का नाही.

पुणे_पारा · गुरुवार, सकाळी ८:५०

एक सांगतो, सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नसतं, सूर्य उगवायच्या आसपास असतं, सध्या सात-सव्वासात. पाच वाजता पारा बघून निर्धास्त होऊन झोपू नका, पुढच्या दोन तासात अजून अंश-दीड अंश जातो.

दिंडोरीकर · शुक्रवार, सकाळी ७:४०

५.९ माझ्या घरामागं. ओढ्याच्या कडेच्या प्लॉटला ४.४, तिथल्या पेपरवर दवाची पांढरी साय धरली होती, बोटाने ओढली तर नखात बर्फासारखी आली, ऊन लागल्यावर पाच मिनिटांत पाणी झालं. पेपर ओले झालेत पण आतले घड कोरडे आहेत, दहा-बारा उघडून बघितले. ज्या बाजूचे काढले होते ते बुधवारी परत लावले, त्यात शेवटच्या दोन ओळी राहिल्या. त्या ओळींत आज गुलाबी दिसतंय, तुरळक.

दादा ह्यावेळी बरोबर निघालं तुमचं. पुढच्या रविवारी दक्षिणेकडचं पण लिहा.

गोदाकाठ · शुक्रवार, रात्री १०:१५

अठ्ठावीस गोधड्या झाल्या, सिन्नरहून माईंनी स्वतः रिक्षाने पाठवल्या अकरा, त्यात सहा लहान मापाचे स्वेटर. मुकादमाशी बोललो, उद्या आणि परवा तोड पहाटे चारऐवजी सातला सुरू करतोय, ट्रॅक्टरवाल्याने पण हो म्हणलं. त्या बाईचं बाळ सर्दीने फणफणलं होतं, दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन आणलं, औषध दिलंय, छाती साफ आहे म्हणाले.

शिवार_निफाड · शनिवार, सकाळी ७:२५

६.८. पश्चिमेकडं पातळ ढगांच्या रेघा आल्यात, वारं आग्नेयेकडून आहे. आज रात्रीपासून चढेल. दिंडोरीकर, त्या दोन ओळी आज ऊन चढल्यावर लावून घ्या, मी दहा वाजता दोन माणसं घेऊन येतो.